मद्यमुक्ती : शपथेपासून यंत्रापर्यंत

मद्यपानाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. वेदकालीन सोम, मोगल दरबारातील मैफली, कंपनी सरकारच्या काळातील मद्याचा व्यापार, यांविषयी हवे तेवढे वाचावयास मिळते. परंतु मद्य सोडण्याचाही एक इतिहास आहे. माणूस पिऊ लागला तेव्हापासून त्याचे पिणे सुटावे कसे या विवंचनेत त्याची बायकामुले, त्याचे मित्र, त्याचे धर्मगुरू, त्याचे वैद्य आणि त्याचे सरकार पडत आले आहे. या विवंचनेतून जे उपाय निघाले त्यांची परंपरा एकदा सलगपणे नजरेखालून घातली, तर आज पुढे येत असलेल्या एका नव्या उपायाची किंमत ठरविणे सोपे जाईल, अशा समजुतीने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

तो नवा उपाय असा. माणसाचे विचार आणि त्याचे वर्तन यांचा संबंध शोधून दोहोंत पालट घडविणारी एक मानसोपचारपद्धती गेल्या साठ-सत्तर वर्षांत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आहे. तिला आपण विचारवर्तन-चिकित्सा म्हणू. या चिकित्सेचे धडे आता संगणकावर आणि मोबाईलवर उतरविण्यात आले आहेत. दारू सोडू इच्छिणाऱ्याने ते आपल्या खोलीत बसून, आपल्या सवडीने, चारचौघांस न कळविता गिरवावे, अशी त्यामागील कल्पना. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मध्यम वर्गाच्या घरांस या कल्पनेचे आकर्षण का वाटावे हे सांगावयास नको. या घरांत दारूची गोष्ट मोठ्याने बोलली जात नाही. मुलीचे लग्न ठरेपर्यंत, मुलाला नोकरी लागेपर्यंत, शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ती झाकून ठेवितात. आणि झाकून ठेविता ठेविता दहा-बारा वर्षे निघून जातात. अशा घराला कोणी सांगितले की डॉक्टरच्या दाराशी न जाता उपचार होतो, तर त्याचा जीव भांड्यात पडेल. तो तसा पडू द्यावा काय, हा प्रश्न आहे.

आपल्या प्रांतात दारूची गोष्ट सरकारदरबारी प्रथम आली ती वसुलीच्या रूपाने. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला तो मुख्यत्वे महसूल सुरक्षित राखण्यासाठी. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांचा निराळा कायदा झाला, कारण या फुलांपासून घरोघर चोरून दारू गाळली जात असे. आजची उपनगरे ज्या साष्टीत वसली आहेत ती साष्टी त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत होती. तेथील वाड्यांतून आणि कोळीवाड्यांतून ताडी निघे, दारू गाळली जाई, आणि त्यावर कर कसा बसवावा हीच सरकारची काळजी होती. पिणाऱ्याचे पुढे काय होते, ही काळजी लोकांनी करावयाची होती. ती प्रथम करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. पुढे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांचे पहारे बसले. येणाऱ्या गिऱ्हाइकास हात जोडून परत फिरविणे हे त्यांचे काम. या दोन्ही प्रयत्नांचा रोख दुकानावर होता. दुकान हटले की पिणारा सुटेल, असा तो विश्वास.

हा विश्वास पुढे कायद्याच्या रूपाने मुंबईत दोनदा अंमलात आला. १ ऑगस्ट १९३९ रोजी पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी पुकारली. तिचे धुरीण डॉ. गिल्डर हे हृदयरोगाचे नामांकित वैद्य होते, आणि पारशीही होते. दारूचा धंदा ज्या समाजातील अनेकांच्या हाती होता त्या समाजाचा रोष पत्करून त्यांनी हे केले. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध राज्यात दारूबंदी आली. हा कायदा आज ‘महाराष्ट्र’ हे नाव धारण करून जिवंत आहे. मद्य पिण्यास परवाना लागतो हे त्याचे कलम आजही रद्द झालेले नाही. तो परवाना ज्याच्या खिशात आहे असा पिणारा मात्र विरळा. १९६० नंतरच्या दशकात बंधने सैल होत गेली. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे आजही कोरडे म्हणून ओळखले जातात. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली.

बंदीने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दारू महाग झाली, दूर गेली, की एकंदरीत पिणे कमी होते, हे अर्थशास्त्रही मान्य करते. गडचिरोलीच्या स्त्रियांनी बंदीसाठी जो लढा दिला तो अंगी लागलेल्या अनुभवातून दिला. परंतु ज्याला दारूवाचून चालत नाही अशा माणसापुरते पाहिले, तर कायद्याचा हात तोकडा पडतो. बंदीच्या काळात उपनगरांच्या खाड्यांलगत हातभट्ट्या पेटल्या, आणि बंदी सैल झाल्यावरही त्या विझल्या नाहीत, कारण स्वस्त दारूची गरज गरिबाच्या घरी कायम होती. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीस आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने जे बळी घेतले ते याच गरजेचे. मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. दारूत मिथेनॉल होते. कायद्याने पाहिली ती बाटली. बाटलीकडे वळणारा हात तिला पर्याय शोधीत राहिला.

बाटलीवरून दृष्टी काढून पिणाऱ्या माणसाकडे वळविण्याचे काम आपल्याकडे कायद्याआधी वाङ्मयाने केले. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि त्याच वर्षी त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षकांतील कित्येकांनी डोळे पुसले. परंतु त्या अश्रूंमुळे नाटकातील एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले असे आम्हांस वाटते. सुधाकर हा मूर्ख किंवा दुष्ट नाही. तो हुशार वकील आहे. भर कोर्टात मानभंग होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या जखमेवर उतारा म्हणून तळीराम त्याच्यापुढे पेला करितो. पुढे तो सुधारण्याचा निश्चयही करितो. आणि अपमानाचा घाव पुन्हा बसताच तो निश्चय ढासळतो. म्हणजे निश्चय होता, सिंधूसारखी बायको होती, रामलालसारखा मित्र होता, आणि तरीही पेला ओठांस लागला. कशाने? नाटकाच्या नावातच त्याचे उत्तर आहे. ‘एकच’ या शब्दाने.

हा शब्द मोठा विचित्र आहे. तो उच्चारणाऱ्यास त्यात लबाडी दिसत नाही. आजचा दिवसच वाईट गेला, म्हणून एकच. आज मेहुणा आला आहे, म्हणून एकच. आज पगार झाला, म्हणून एकच. शपथ मोडण्याचा हेतू कोणाच्याही मनात नसतो. शपथेला एक अपवाद तेवढा करावयाचा असतो. देवापुढे, आईच्या पायांवर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा याच अपवादाने मोडल्या आहेत. शपथ घेतली जाते सकाळी, शुद्धीत, पश्चात्तापाच्या भरात. आणि तिची कसोटी लागते संध्याकाळी, थकलेल्या देहाला. त्या संध्याकाळच्या माणसाशी शपथेचे बोलणे झालेलेच नसते.

संध्याकाळच्या माणसाला सोबत हवी, हे ओळखणारी पहिली मोठी चळवळ अमेरिकेत उभी राहिली. १९३५ मध्ये ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा रोखेदलाल आणि बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, दोघेही दारूने बरबाद झालेले, एकमेकांस भेटले; आणि एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत राहिले तर दोघेही त्या दिवसापुरते कोरडे राहू शकतात, हा शोध त्यांना लागला. यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही निनावी मंडळी निर्माण झाली. तिची वर्गणी नाही, तिचा अध्यक्ष नाही, तिच्यात आडनाव विचारीत नाहीत. पुढे तिच्या सभा मुंबईच्या उपनगरांतही भरू लागल्या. १९८१ मध्ये वांद्र्यास फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापिले. त्यांनी या मंडळींच्या पायऱ्यांना गुरुवर्य अय्यंगारांच्या योगाभ्यासाची जोड दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ उभे केले. आरंभी ते गर्दच्या व्यसनासाठी होते. दारूचे रुग्ण पुढे तेथे मोठ्या संख्येने आले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्या रुग्णांस हात द्यावा ही तेथील रीत मराठी घरांत आता सर्वांस ठाऊक आहे.

या संस्थांचे ऋण महाराष्ट्राने कधी विसरू नये. परंतु त्यांच्या दारापर्यंत पोचण्यासाठी एक गोष्ट आधी घडावी लागते. माणसाने, किंवा त्याच्या घराने, हे व्यसन आहे असे चारचौघांत कबूल करावे लागते. तेथेच बहुतेकांची गाडी अडते.

आता ज्या तिसऱ्या मार्गाचा आज बोलबाला आहे त्याकडे वळू. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास, आणि फिलाडेल्फियाचे आरन बेक यांनी त्यानंतरच्या दशकात, परस्परांहून स्वतंत्रपणे एक विचार मांडला. प्रसंग माणसाला जेवढा छळतो त्याहून त्या प्रसंगाविषयी मनात चटकन उमटणारे वाक्य त्याला अधिक छळते. आणि ते वाक्य कागदावर उतरवून तपासता येते. बेक यांनी आधी ही पद्धती विषण्णतेच्या रोगाला लावली. १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह व्यसनांवरील चिकित्सेचा ग्रंथ लिहिला. दोघेही दीर्घायुषी, एलिस २००७ मध्ये वारले, बेक २०२१ मध्ये वयाची शंभरी गाठून. मराठीला ही विद्या परकी राहिली नाही. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून त्यांची पद्धती ‘विवेकनिष्ठ’ या समर्पक नावाने आपल्याकडे आणिली. मुलुंडला लागूनच असलेल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी जी संस्था काढली तिच्याद्वारे ती घरोघर पोचली.

दारूच्या बाबतीत या विचाराला धार आणिली ती सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन मार्लट यांनी. १९८५ मध्ये गॉर्डनबाईंसह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा विषय पुन्हा घसरणे हाच आहे. त्यांनी दाखविले की सोडलेला माणूस पुन्हा पिऊ लागतो तो दोन वाक्यांच्या मधून. पेल्यापूर्वीचे वाक्य आपण पाहिले: ‘एकच’. पेल्यानंतरचे वाक्य त्याहून घातक: ‘आता मोडलेच आहे, तर मग काय उरले?’ एका पेल्याने माणूस बुडत नाही; या दुसऱ्या वाक्याने बुडतो. ज्याची शपथ जितकी कडक, त्याची एका चुकीनंतरची निराशा तितकी खोल. गडकऱ्यांनी प्रतिभेने जे दाखविले ते साठ-सत्तर वर्षांनी एका मानसशास्त्रज्ञाने निरीक्षणाने पुन्हा गाठले, असे आम्ही म्हटले तर ती मराठी माणसाची बढाई समजू नये.

या चिकित्सेत प्रत्यक्ष करावयाचे काय? उपनगरातील एक नेहमीचा दिवस घ्या. मनुष्य फोर्टातील कचेरीतून सुटतो. साहेबाचे बोलणे मनात घोळत असते. चर्चगेटहून अंधेरीपर्यंत गर्दीत उभा राहून तो उतरतो, स्थानकाबाहेर ओळखीचा दिवा दिसतो, पाय वळतात. तो म्हणेल, ‘का प्यायलो कळत नाही.’ चिकित्सक त्यास सांगतो, रोज वहीत चार रकाने भर. वेळ कोणती, जागा कोणती, सोबत कोण, आणि पाय वळण्यापूर्वी मनात कोणते वाक्य आले. पंधरा दिवसांत वहीच सांगू लागते की दारूची वेळ ठरलेली आहे, रस्ता ठरलेला आहे आणि वाक्यही ठरलेले आहे. मग उपाय साधे असतात. स्थानकाच्या दुसऱ्या बाजूने उतरणे. भुकेल्या पोटी घरी न निघणे. ‘आज नको’ हे मित्रास कसे म्हणावे याची मोठ्याने तालीम करणे. तलफ आली असता ती लाटेसारखी चढून उतरते हे घड्याळ लावून पाहणे. आणि चुकून एक पेला झालाच, तर दुसऱ्या वाक्याला काय उत्तर द्यावयाचे ते आधीच लिहून खिशात ठेवणे. यात गूढ काही नाही. शाळेतील उजळणीसारखी ही विद्या आहे, आणि म्हणूनच ती शिकविता येते.

शिकविता येते, पण शिकविणार कोण? २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल निघाला. त्याप्रमाणे १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक, मद्य घेतात, त्यांपैकी ५.७ कोटींच्या आसपास लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे. आणि ज्यांना दारूवाचून चालत नाही अशा ३८ जणांपैकी एकालाच कसलीही मदत मिळालेली आहे. उरलेल्या सदतीस घरांचा विचार मनात आणावा, म्हणजे यंत्राची कल्पना निघाली ती हौसेने निघाली नाही हे पटेल.

या अडचणीवर एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधले गेले. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये स्थापिलेल्या ‘संगत’ या संस्थेने सामान्य माणसांना, ज्यांना वैद्यकाचे किंवा मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नव्हते त्यांना, ही विद्या शिकविली आणि सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसविले. जास्तीत जास्त चार बैठका. प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची. डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगात हानिकारक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रात फळ प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी, आदल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले लोक समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. बारा महिन्यांनी पिणे धोक्याच्या रेषेखाली आलेले लोक पहिल्या गटात ५४ टक्के आणि दुसऱ्यात ३२ टक्के निघाले. जे पीतच राहिले त्यांचे पिण्याचे प्रमाण मात्र फारसे घटले नाही. हेही त्या विद्वानांनी प्रामाणिकपणे नमूद केले. तात्पर्य, ही विद्या तज्ज्ञाच्या हातून सामान्याच्या हाती आली तरी नासली नाही.

सामान्याच्या हातून ती यंत्राच्या हाती जाणे ही पुढची पायरी. यंत्राशी मन मोकळे करण्याचा इतिहासही साठ वर्षांचा झाला. १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकी कार्यक्रम तयार केला. समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारणे, एवढीच तिची करामत. तरी तिच्याशी बोलताना वायझेनबाउम यांच्याच सचिवबाईंनी त्यांस खोलीबाहेर जाण्यास सांगितले. ही गोष्ट ऐकून लोक हसले. निर्माता मात्र गंभीर झाला, आणि माणसाने कोणते काम यंत्राकडे सोपवू नये यावर त्याने १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला.

व्यसनाच्या क्षेत्रात जपून पाऊल टाकले ते येल विद्यापीठाच्या कॅथलीन कॅरोल यांनी. त्यांनी विचारवर्तन-चिकित्सेचे सहा धडे संगणकावर बसविले. नटांनी वठविलेले लहान लहान प्रसंग, त्यांवर प्रश्न, मग अभ्यास, असे त्यांचे स्वरूप. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या परीक्षेत निरनिराळ्या व्यसनांचे ७७ रुग्ण होते. नेहमीच्या उपचाराबरोबर ज्यांना हे धडे मिळाले त्यांच्या लघवीच्या तपासण्या अधिक स्वच्छ निघाल्या. पुढे केवळ दारूसाठी धडे तयार झाले. कॅरोलबाई २०२० मध्ये वारल्या. त्यांचे सहकारी ब्रायन किलुक यांनी काम चालविले आणि २०२४ मध्ये ९९ रुग्णांवरील परीक्षा प्रसिद्ध केली. तीत यंत्रावरील धडे घेणारे नेहमीच्या उपचारापेक्षा पुढे गेले. परंतु बातम्यांत जे सुटते ते येथे सांगितले पाहिजे. २००८ साली यंत्र नेहमीच्या उपचाराला जोडून दिले होते. २०२४ साली यंत्राच्या गटातील प्रत्येकाची दर आठवड्यास एक चिकित्सक थोडा वेळ विचारपूस करीत होता. माणूस पुष्कळसा दूर झाला होता. पुरता गेला नव्हता.

आपल्याकडे या मार्गाची गरज किती आहे हे २०२० च्या टाळेबंदीने दाखविले. मार्चअखेर दुकाने एकाएकी बंद झाली. पिण्याची फार जुनी सवय असलेल्या माणसाची दारू अशी तुटली तर त्याला कंप सुटतो, आकडी येते, भ्रम होतो. असे रुग्ण त्या दिवसांत देशात ठिकठिकाणी रुग्णालयांत आले. मेच्या आरंभी दुकाने उघडताच मुंबईत इतकी झुंबड झाली की महापालिकेस दोन दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. त्याच काळात निनावी मंडळींच्या सभा संगणकाच्या पडद्यावर भरू लागल्या. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. गोव्याच्या मंडळींनीही मोबाईलवरील संदेशांतून असे साहाय्य पोचते काय याची चाचपणी केली आहे.

येथवरचा इतिहास ध्यानात घेता यंत्राविषयी आमचे मत बनले ते असे. यंत्राला एक सोय आहे जी शपथेला नव्हती आणि रुग्णालयालाही नाही. ते संध्याकाळच्या माणसाजवळ असते. अंधेरीच्या स्थानकाबाहेर, पाय वळण्याच्या क्षणी, वहीतले चार रकाने त्याच्या खिशात असतात. ते चिडत नाही, टोमणा मारीत नाही, काल काय झाले याचा पाढा वाचीत नाही. लाजेने अडलेल्या घराला पहिले पाऊल टाकण्यास ही सोय थोडी नव्हे. स्त्रियांना तर ती विशेष उपयोगी पडावी. त्यांच्यात पिणाऱ्यांचे प्रमाण पाहणीप्रमाणे १.६ टक्केच असले तरी लाजेचा बोजा कित्येक पटींनी अधिक आहे.

परंतु तीन गोष्टी घरच्यांनी विसरू नयेत. पहिली, ज्याचा हात सकाळी पेल्याशिवाय स्थिर होत नाही त्याच्या हाती मोबाईल देऊन दारू एकाएकी बंद करविणे हा जिवाशी खेळ आहे. त्याला आधी डॉक्टरच पाहिजे. गोव्याचा वर सांगितलेला प्रयोगही अशा अवलंबी रुग्णांवर बेतलेला नव्हता. दुसरी, एका खोलीच्या घरात एकांत कसला, आणि एकाच मोबाईलवर मुलाचा अभ्यास व बापाची कबुली यांना जागा कशी मिळावी? ती कबुली कोणाच्या तिजोरीत साठते आहे, हेही विचारून घ्यावे. तिसरी, सर्वांत महत्त्वाची. यंत्र प्रश्न विचारते, पण उत्तर न दिल्यास त्याला वाईट वाटत नाही. मोबाईलवरील धडे मध्येच टाकून देणारे लोक फार, अशी या क्षेत्रातील सार्वत्रिक तक्रार आहे. टाकून दिलेल्या धड्यानंतरही ‘आता मोडलेच आहे’ हे वाक्य तितक्याच सहज उच्चारता येते.

फुल्यांच्या तक्रारीपासून किलुक यांच्या परीक्षेपर्यंत पाहिले तर उपायांची रूपे पालटली, आणि प्रत्येक नव्या रूपाने मागच्याहून अधिक लोकांस हात दिला. जेथे यश आले तेथे पुढच्या आठवड्यात विचारणारे कोणी तरी होते: अ‍ॅक्रनला दुसरा पिणारा, पुण्यास सुटून आलेला जुना रुग्ण, गोव्यात आरोग्यकेंद्रातील शिकविलेला गावकरी, अमेरिकेत आठवड्यातून एकदा येणारा चिकित्सक. तेव्हा आमची सूचना अशी आहे. हे धडे मराठीत, मराठी संसारातील प्रसंग घेऊन तयार व्हावेत. ‘पार्टी’चे नमुने आपल्या लोकांस पुरे पडणार नाहीत, त्यांना पगाराचा दिवस, हळद, शिमगा आणि शेवटची लोकल हवी. आणि महापालिकेच्या प्रत्येक उपनगरी दवाखान्यात गोव्याच्या धर्तीवर एक शिकविलेला मनुष्य असावा, ज्याने यंत्रावर धडा गिरविणाऱ्यास दर आठवड्याला नावाने हाक मारून विचारावे, ‘वही आणली का?’

घरच्यांनाही हे काम करता येईल, पण त्यांना एक पथ्य पाळावे लागेल. वही पाहण्याचा हट्ट त्यांनी धरू नये; वही भरली का एवढेच विचारावे, आणि एखाद्या दिवशी उत्तर ‘नाही’ आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. सिंधूने सोसले पुष्कळ, रामलालने उपदेशही पुष्कळ केला. पण पाय वळण्याच्या घटकेला मनात कोणते वाक्य आले, हे सुधाकरास कोणी विचारल्याचे आम्हांस त्या नाटकात दिसत नाही. तो प्रश्न विचारण्याची विद्या आज आपल्याजवळ आहे. ती यंत्राच्या भरवशावर सोडून न देता आपण विचारणाऱ्याची जागा रिकामी ठेवली नाही, तर पाहणीतील त्या सदतीस घरांपैकी काहींची तरी दारे आतून उघडतील.